पोलिसांच्या अंगावरील कॅमेरे: मागणी करायचीच असेल तर नेमकी कशाची?

अनघा_पार्ले

आमच्या भागातील मोहल्ला समितीची वरिष्ठ पोलीस निरीक्षकांसोबत पुढील महिन्यात बैठक आहे. गस्तीवर, नाकाबंदीत आणि मोर्चांच्या बंदोबस्तावर असणाऱ्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे असावेत, ही मागणी समितीतील बहुतेकांनी उचलून धरली असून निवेदनाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागणीला माझा पाठिंबा आहे. परंतु केवळ "कॅमेरे द्या" एवढेच लिहून दिले तर त्यातून काय निष्पन्न होईल, याची मला खात्री वाटत नाही.

या विषयावरील दोन गाजलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. कॅलिफोर्नियातील रिआल्टो या सुमारे एक लाख वस्तीच्या शहरात २०१२ साली ५४ पोलिसांच्या पाळ्या यादृच्छिक पद्धतीने विभागून काही पाळ्यांत कॅमेरे लावले गेले. कॅमेरा नसलेल्या पाळ्यांत बळाचा वापर सुमारे दुपटीने अधिक झाल्याचे वर्षअखेरीस दिसले, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे नव्वद टक्क्यांनी घटल्या. पुढे २०१४ मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसांच्या गोळीने एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा ओबामा प्रशासनाने देशभर ५० हजार कॅमेऱ्यांसाठी निधी देण्याची योजना मांडली, त्यामागे रिआल्टोच्या निकालाचे मोठे वजन होते. पण वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या कितीतरी मोठ्या प्रयोगाचा अहवाल २०१७ मध्ये आला, आणि त्यात बळाचा वापर किंवा तक्रारी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

कॅमेरा तोच, मग परिणाम वेगळा का? आणि मुंबईसाठी मागणी करायची तर ती कोणत्या अटींसह करावी? पोलीस दलात काम केलेल्या आणि न्यायालयात उभे राहणाऱ्या सदस्यांनी अवश्य लिहावे.

समीर_घाटकोपर

माझा या मागणीला पूर्ण पाठिंबा आहे. २०१६ साली मुंबईत सुमारे ४,७०० सीसीटीव्ही कॅमेरे कार्यान्वित झाले, तेव्हाही त्यांच्या उपयोगाबद्दल शंका घेतल्या गेल्या होत्या, आणि आज साखळीचोरीपासून अपघातापर्यंत कोणताही तपास त्यांच्यापासून सुरू होतो. खांबावरच्या कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही. पोलीस आणि नागरिक यांच्यात काय बोलणे झाले, यावरच तर सगळा वाद असतो.

निवृत्त_फौजदार

अनघाताई, मी शिपाई म्हणून भरती होऊन उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शहरातील आणि उपनगरांतील अनेक पोलीस ठाण्यांत काम केले असल्यामुळे दलाच्या बाजूने जे दिसते ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की चांगल्या पोलिसाला कॅमेरा हवाच असतो. नाकाबंदीत मद्यपी वाहनचालकाला थांबवले की पहिला आरोप "पैसे मागितले" हा असतो, आणि दुसरा "शिवीगाळ केली" हा. चौकशी लागते, बढती अडकते, आणि दोन वर्षांनी आरोप खोटा ठरला तरी मधल्या काळात झालेला मनस्ताप कोणी भरून देत नाही. अशा प्रसंगी चित्रीकरण असते तर प्रकरण तिथल्या तिथे मिटले असते, असे मी माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. शिपायाला वाटणारी भीती जनतेची नसते, ती वरिष्ठांची असते. बंदोबस्तावर बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस दोन मिनिटे टेकला, सहकाऱ्याशी घरचे बोलला, सुटी मिळत नाही म्हणून कुरकुरला, आणि ते सगळे नोंदले जाऊन एखाद्या नाराज अधिकाऱ्याच्या हाती पडले, तर काय होईल? १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर निर्बंध असल्यामुळे कॅमेऱ्याचे नियम ठरवताना शिपायाच्या वतीने बोलायला कोणीच नसते. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाच्या सूचनेवरून झाला होता. खालच्या माणसाचे ऐकले तर व्यवस्था सुधारते, याचे ते आपल्याच शहरातील उदाहरण आहे. तुमच्या निवेदनात नागरिकांच्या हक्कांबरोबर शिपायाच्या हक्काचे एक वाक्य असावे, अशी माझी विनंती आहे.

राहिला व्यवहाराचा भाग. कॅमेरा चार्ज कोणी करायचा, पाळी बदलताना तो कोणाच्या नावावर चढवायचा, आणि पावसाळ्यात रेनकोटच्या वर लावायचा की आत? या गोष्टी क्षुल्लक वाटतात, परंतु जे साहित्य ठाणे अंमलदाराच्या डोक्याला ताप होते ते कपाटात जाऊन बसते.

वकील_मंजिरी

फौजदारसाहेबांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी न्यायालयीन बाजू मांडते, कारण चित्रीकरण झाले म्हणजे पुरावा तयार झाला, हा समज फार पसरलेला आहे.

इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे, आणि त्याच्या नमुन्यात नोंदीचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला एक आकडा असतो. फाइलमधील एक क्षणही कापला किंवा बदलला तर तो आकडा जुळत नाही. हे मूल्य कॅमेऱ्यातून चित्रीकरण उतरवून घेतानाच नोंदले गेले पाहिजे. सहा महिन्यांनी न्यायालयाने मागितल्यावर काढलेल्या हॅशवरून त्या सहा महिन्यांत फाइलला कोणी हात लावला होता की नाही, हे सिद्ध होत नाही.

प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले, आणि तो खटला आपल्या राज्यातला, जालना विधानसभेच्या निवडणुकीचा होता. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला की नाही, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरणार होते. याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्र वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. शक्य ते सर्व प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणून त्या प्रकरणापुरती न्यायालयाने त्यांची अडवणूक होऊ दिली नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच यंत्रणेच्या ताब्यात नोंद असली की सामान्य माणसाला किती झगडावे लागते, हे या खटल्यातून स्पष्ट दिसते.

आणखी एक बाब म्हणजे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करावे लागते, आणि त्यासाठी कायद्याने मोबाइल फोनला पसंती दिली आहे. म्हणजे चित्रीकरणाचे तत्त्व कायद्याने स्वीकारले आहे. मोबाइल मात्र हातात धरावा लागतो आणि चित्रीकरण करणारा कुठे वळवायचा ते ठरवतो. छातीवरच्या कॅमेऱ्याने ती निवड काही प्रमाणात तरी कमी होते.

शब्बीर_कुर्ला

अनघाताईंनी विचारले आहे की परिणाम वेगळा का आला. आमच्या वस्तीतील अनुभवावरून मला वाटते की उत्तर कॅमेऱ्याच्या बटणात आहे.

आमच्याकडे रात्री दुचाकीवरून येणाऱ्या तरुण मुलांना थांबवले जाते. सुरुवात कशी झाली, कोणता शब्द आधी कोणी उच्चारला, हे महत्त्वाचे असते. माझ्या भाच्याला एकदा असेच थांबवले. कागदपत्रे पूर्ण होती, हेल्मेट होते, तरी नाव विचारल्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. त्याने आवाज चढवला, आणि तेवढ्याच भागाचे चित्रीकरण समोरच्या पोलिसाने आपल्या मोबाइलवर केले. पुढे काही कारवाई झाली नाही, पण उद्या ते चित्रीकरण कोणी पाहिले तर त्यात फक्त एक उद्धट मुलगा दिसेल. अर्धे चित्रीकरण हे चित्रीकरण नसण्यापेक्षा अधिक घातक असते, असे माझे ठाम मत आहे.

आणि पूर्ण चित्रीकरण असले तरी ते बाहेर कधी येते? शिकागोमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलावर पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. तो पोलिसांच्या अंगावर चाल करून आला, असे कागदोपत्री लिहिले गेले. पोलिसांच्या गाडीवरील कॅमेऱ्यात तो दूर चालत जाताना दिसत होता. ते चित्रीकरण लोकांपुढे यायला तेरा महिने आणि न्यायालयाचा आदेश लागला.

प्रसाद_डोंबिवली

शब्बीरभाई, बटणाबद्दल तुम्ही अनुभवावरून जे लिहिले आहे त्याला आकड्यांचा आधार आहे. रिआल्टोच्या प्रयोगातील संशोधकांपैकी बराक एरियल यांनी पुढे अनेक पोलीस दलांत हाच प्रयोग केला आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळी ठिकाणे एकत्र धरली तर बळाच्या वापरात सरासरी फरक दिसत नव्हता. परंतु जिथे पोलिसांनी प्रत्येक संवादाच्या सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला आणि समोरच्याला तसे सांगितले, तिथे बळाचा वापर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाला. जिथे कॅमेरा केव्हा चालू करायचा हे पोलिसाने स्वतःच्या मर्जीने ठरवले, तिथे तो सुमारे ७१ टक्क्यांनी वाढला. यामागचे कारणही पटण्यासारखे आहे: प्रसंग चिघळल्यावर कॅमेरा अचानक चालू केला की समोरचा अधिक बिथरतो, आणि आधी सांगितले असेल तर दोघेही सांभाळून बोलतात. वॉशिंग्टनच्या निकालाचे संपूर्ण स्पष्टीकरण यातून मिळत नाही, परंतु "कॅमेरा तोच" या विधानात नियम गृहीत धरलेला नाही, एवढे नक्की.

बटण दाबण्याआधीचे काही क्षणही जपून ठेवण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत असते. बाल्टिमोरमध्ये २०१७ साली एक पोलीस याच सोयीमुळे पकडला गेला. अमली पदार्थ "सापडल्याचे" चित्रीकरण त्याने केले, परंतु त्याआधीच्या तीस सेकंदांत ती पुडी स्वतःच ठेवताना तो दिसत होता, आणि पुढे खोटा पुरावा तयार केल्याबद्दल तो दोषी ठरला. निवेदनात ही मागणी तांत्रिक अट म्हणून घालता येईल.

खर्चाचाही अंदाज बांधावा. मध्यम दर्जाच्या चित्रीकरणाला तासाला साधारण एक ते दोन गिगाबाइट जागा लागते. एक हजार पोलिसांनी रोज दोन तासांचे संवाद नोंदवले तर दिवसाला सुमारे तीन टेराबाइट होतात, आणि अठरा महिने जपायचे ठरवले तर दीड हजार टेराबाइटांच्या वर जातात. कॅमेरा एकदा विकत घेता येतो. साठवणुकीचे पैसे दरवर्षी मोजावे लागतात, आणि अंदाजपत्रकात ते धरले नाहीत तर जुने चित्रीकरण पुसण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

नितीन_लालबाग

इतका वेळ सगळे पोलिसांवर नजर ठेवण्याबद्दल बोलत आहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. २०१६ साली खार येथे हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन मुलाला अडवल्याबद्दल वाहतूक हवालदाराच्या डोक्यावर प्रहार झाला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. गणेशोत्सवात आमच्या भागात लाखोंची गर्दी सांभाळणाऱ्या पोलिसांना लोक काय काय बोलतात, ते मी मंडळाचा कार्यकर्ता म्हणून दरवर्षी ऐकतो. कॅमेऱ्याचा पहिला उद्देश पोलिसाचे संरक्षण हा असायला हवा. शिवाय प्रसादने सांगितलेल्या त्याच प्रयोगांत कॅमेरा लावलेल्या पोलिसांवरील हल्ले सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते, ते त्याने लिहिलेले नाही.

प्रसाद_डोंबिवली

नितीन, तो आकडा बरोबर आहे आणि तो इथे यायलाच हवा होता. संशोधकांनी त्याची दोन संभाव्य कारणे दिली आहेत. कॅमेऱ्यामुळे पोलीस अधिक सावध होऊन बळ वापरायला कचरत असतील, किंवा पूर्वी नोंदले न जाणारे हल्ले पुरावा हाती असल्यामुळे आता नोंदले जात असतील. यांपैकी कोणते खरे, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. पण कॅमेरा म्हणजे चिलखत आहे, असे पोलिसांना सांगणे योग्य होणार नाही.

टीसी_कल्याण

आमच्या खात्याचा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२३ मध्ये तिकीट तपासनिसांसाठी प्रायोगिक तत्त्वावर ५० कॅमेरे घेतले. गर्दीच्या गाडीत विनातिकीट प्रवाशाशी होणारा वाद बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरतो, आणि "आपले बोलणे नोंदले जात आहे" हे वाक्य शांतपणे, सुरुवातीलाच सांगितले तर निम्म्या वेळा आवाज खाली येतो. तेच वाक्य भांडण पेटल्यावर उच्चारले तर धमकी वाटते. प्रसाद यांनी दिलेले निष्कर्ष आम्हाला फलाटावर रोज दिसतात. कोणते शब्द वापरायचे, कोणत्या सुरात आणि केव्हा, याचे प्रशिक्षण कॅमेऱ्यासोबत मिळाले पाहिजे.

सई_सायन

मी कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी समुपदेशनाचे काम करते. आतापर्यंतच्या चर्चेत कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी व्यक्ती एकतर आरोपी आहे किंवा वाहनचालक. पण शेजाऱ्यांनी ११२ वर फोन केल्यावर जे पोलीस घरी जातात त्यांच्यासमोर दहा बाय बाराच्या खोलीत फाटलेल्या कपड्यांतली एखादी बाई असते, कोपऱ्यात मुले असतात, आणि तिथे कॅमेरा चालू असतो. तिची संमती कोणी विचारायची? लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, परंतु चित्रीकरण समाजमाध्यमावर एकदा पोहोचले की शिक्षेने ते परत घेता येत नाही.

तरीही कॅमेरा नको, असे मी म्हणणार नाही. नवऱ्याच्या दडपणाखाली जबाब फिरवावा लागलेल्या कितीतरी स्त्रियांसाठी त्या रात्रीचे चित्रीकरण हाच एकमेव टिकणारा पुरावा ठरू शकतो. म्हणून घरात शिरताना तिला विचारावे आणि तिने दिलेले उत्तरही नोंदले जावे. तिने नकार दिला तर चित्रीकरण थांबवल्याचे कारण पोलिसाने तोंडी सांगून मगच बटण बंद करावे, आणि हे चित्रीकरण कोणी केव्हा उघडले याची नोंद आपोआप व्हावी.

निवृत्त_फौजदार

सईताई, कारण तोंडी सांगून बंद करण्याची कल्पना मला फार आवडली. स्टेशन डायरीत आम्ही कोणतीही नोंद सोडत नाही, कारण कोऱ्या जागेचा जाब द्यावा लागतो. कॅमेऱ्यालाही तोच नियम लावला पाहिजे.

मेधा_ठाणे

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीबद्दल दिलेला आदेश कोणी अजून उल्लेखलेला नाही. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे असावेत आणि नोंद अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ठाण्यात बळाचा वापर झाल्याची तक्रार आली तर मानवी हक्क आयोगाला ते चित्रीकरण मागवता येते. परंतु माणूस रस्त्यावर ताब्यात घेतला गेल्यापासून ठाण्याच्या दारापर्यंत, म्हणजे मुख्यतः पोलीस वाहनात, काय घडते हे कोणत्याही भिंतीवरचा कॅमेरा दाखवू शकत नाही. अंगावरच्या कॅमेऱ्याची खरी गरज मला त्या प्रवासात वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी तो बंद असण्याची शक्यता सर्वाधिक असते. निवेदनात वाहनाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा.

समीर_घाटकोपर

मग नागरिकांनी स्वतःच चित्रीकरण केले तर काय हरकत आहे? अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला तेव्हा, मे २०२० मध्ये, तिथल्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. तरीही जगाने पाहिले ते रस्त्यावर उभ्या असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने काढलेले चित्रीकरण.

वकील_मंजिरी

समीर, हरकत असण्याचे कारण नाही. पोलीस ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवल्याच्या वर्ध्याच्या प्रकरणात, पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील निषिद्ध स्थान नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली दिला आहे. मात्र शासकीय कामात अडथळा आणल्याचा आरोप ओढवणार नाही इतके अंतर राखावे. आणि दोन्ही चित्रीकरणे हवीत, कारण पाहणाऱ्याचा दृष्टिकोन कोनानुसार बदलतो. अंगावरच्या कॅमेऱ्यात तो पोलीस स्वतः दिसत नाही. त्यामुळे तीच घटना गाडीवरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांच्या तुलनेत अंगावरच्या कॅमेऱ्यातून पाहणारे लोक त्याच्या कृतीला कमी हेतुपुरस्सर मानतात, असे २०१९ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते.

अनघा_पार्ले

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेवरून मसुद्याचा गाभा असा लिहिला आहे, कृपया तपासावा:

"कॅमेरा प्रत्येक संवादाच्या प्रारंभापासून, समोरच्या व्यक्तीस तशी सूचना देऊन चालू असावा, आणि ताब्यात घेतलेल्या व्यक्तीस वाहनातून नेताना तो कोणत्याही कारणाने बंद करू नये. इतर वेळी बंद करावयाचा असल्यास कारण तोंडी नोंदवावे. बटण दाबण्यापूर्वीचे किमान तीस सेकंद जतन होतील असेच उपकरण घ्यावे. पाळी संपताच चित्रीकरण उतरवून त्याचे हॅश मूल्य नोंदवावे, आणि त्याची एक प्रत संबंधित पोलीस ठाण्याच्या नियंत्रणाबाहेर ठेवावी. तक्रारदाराने विनंती करताच ते चित्रीकरण पुसण्यापासून रोखले जावे. पीडित स्त्रिया आणि बालके यांच्या बाबतीत संमती घ्यावी. विश्रांतीच्या वेळेतील चित्रीकरण करू नये, आणि कर्मचाऱ्यांवरील शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चित्रीकरणाची सरसकट चाळणी होऊ नये."

प्रत कोणाकडे असावी, याविषयी मात्र माझा निर्णय होत नाही.

शब्बीर_कुर्ला

तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. "नियंत्रणाबाहेर" एवढेच लिहिले तर उद्या पोलीस आयुक्तालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीही त्यात बसेल.

वकील_मंजिरी

२०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र पोलीस कायद्यात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकण्यासाठीच ते अस्तित्वात आहे, म्हणून तक्रार असलेल्या प्रकरणाची प्रत तिथे ठरावीक मुदतीत आपोआप जावी, अशी मागणी कायद्याच्या चौकटीत बसते. सर्वच चित्रीकरण तिथे साठवणे त्यांच्या आवाक्यात नसेल. मुदत बहात्तर तास लिहावी.

निवृत्त_फौजदार

बहात्तर तास रास्त आहेत. मसुद्यात आणखी एक बदल सुचवतो. वाहतूक शाखेचा वेगळा परिच्छेद करा, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७अ नियमात अंगावरच्या कॅमेऱ्याचा उल्लेख अंमलबजावणीचे उपकरण म्हणून आहे आणि अशा उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र लागते. चलनासाठीचे कॅमेरे आणि गस्तीवरचे कॅमेरे यांची गल्लत झाली, तर वरिष्ठ निरीक्षक पहिल्याच पानावर "हा विषय वाहतूक शाखेचा आहे" असा शेरा मारून निवेदन पुढे पाठवतील.

अनघा_पार्ले

दोन्ही बदल करते आणि वाहतुकीचा परिच्छेद शेवटी ठेवते. सईताई, संमतीच्या कलमाची शब्दरचना तुम्हीच करून दिलीत तर बरे होईल. बैठकीपूर्वी अंतिम मसुदा इथेच टाकते.